खोलीतले दोन सोमनाथ

"तुमच्या सर्व्हर रूममध्ये दोन सोमनाथ आहेत, वैशाली. आणि दोघेही कालपासून बाहेर आलेले नाहीत."

सकाळी लॅपटॉप उघडते न उघडते तोच इन्ग्रिड स्क्रीनवर. मी मान वर केली. माझ्या टेबलासमोर एकच सोमनाथ उभा होता आणि तो कागदी कपातून चहा पीत होता.

"एक इथे माझ्यासमोर आहे," मी म्हटलं. "दुसरा कोण, ते मला माहीत नाही."

इन्ग्रिड हसली नाही. ती आमच्या कंपनीची जगभराची सेफ्टी हेड. बसते कोपनहेगनला. मी भारतातल्या ऑफिसांची सेफ्टी बघते, बसते खराडीला आणि राहते कोथरूडला, म्हणजे अर्धा जन्म रस्त्यातच जातो. इन्ग्रिड इंग्रजीत बोलते. इथे मी तिला मराठीत बोलायला लावलंय, तिची हरकत नसावी.

माझं काम सांगितलं की लोक विचारतात, आयटीत कसली आलीय सेफ्टी? माणसं खुर्चीवरून पडतात की काय? पडतात हो. पण ते राहू दे. आमच्या तळमजल्यावर सर्व्हर रूम आहे. कपाटांच्या रांगा, कपाटांत कॉम्प्युटर, आणि त्यांना थंड ठेवायला कायम घरघरणारे एसी. तिथे आग लागली तर पाणी मारून चालत नाही, सगळी यंत्रं बाद होतील. म्हणून गॅस सोडतात. गॅसमुळे हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि आग गुदमरते. अडचण एवढीच की आत माणूस असला तर तोही गुदमरतो. आग कुठली आणि सोमनाथ कुठला, हे गॅसला कळत नाही.

म्हणून नियम असा. आत माणूस असेल तर गॅस 'मॅन्युअल'वर ठेवायचा, म्हणजे कुणी बटण दाबल्याशिवाय सुटणार नाही. खोली रिकामी असेल तर 'ऑटो'वर, म्हणजे धूर लागला की आपोआप सुटणार. आत कोण आहे, कोण नाही, यावर पोलंडमधलं एक डेस्क लक्ष ठेवतं. आमच्या सगळ्या देशांतल्या सगळ्या खोल्यांवर तेच. आत शिरलं की भिंतीवरचा फोन उचलून सांगायचं. निघतानाही उचलून सांगायचं. सॉफ्टवेअर ते ऐकतं, इंग्रजी करतं, डेस्कच्या स्क्रीनवर माणसांचा आकडा वर जातो किंवा खाली येतो.

आणि हे सांगायचं ज्याच्या त्याच्या भाषेत. हा माझा हट्ट. घाबरलेला माणूस व्याकरण जुळवत बसत नाही, आईला हाक मारतो त्या भाषेत ओरडतो, हे मी गेल्याच महिन्यात इन्ग्रिडच्या कानीकपाळी ओरडून मान्य करून घेतलं होतं. सगळीकडे त्याचं कौतुकही झालं. आमच्याकडची पोरं मात्र फोन उचलून "इन" आणि "आउट" म्हणत राहिली. माझं धोरण मनावर घेतलं ते एकट्या सोमनाथने.

सोमनाथ हा एजन्सीने पाठवलेला एसीचा टेक्निशियन. वाघोलीकडचा. चाळिशीचा, अखंड बडबड्या, आणि एसीच्या आवाजावरून त्याची प्रकृती सांगणारा. ही इमारत उभी राहत होती तेव्हापासून तो इथे आहे. आमच्या पार्किंगच्या खाली त्यांचं वांग्याचं वावर होतं म्हणतो, आणि गाडी रोज त्याच एका कोपऱ्यात लावतो. आमचे फॅसिलिटी मॅनेजर जोगळेकर त्याला 'वडिलोपार्जित स्लॉट' म्हणतात.

"ही तिसरी वेळ आहे," इन्ग्रिड म्हणाली. "आत गेल्याचं सांगतो. बाहेर आल्याचं सांगत नाही. उलट पुन्हा आत आल्याचं सांगतो. नियम तुला माहीत आहे."

माहीत कसला, मीच सगळ्यांना पाठ करायला लावलेला. तीनदा चूक झाली की कार्ड बंद. मग जगातल्या आमच्या कुठल्याच इमारतीत पाऊल टाकता येत नाही, आणि एजन्सीला तसं कळवलं जातं. एजन्सीवाले सेफ्टीत पकडलेल्या माणसाला दुसऱ्या क्लायंटकडे पाठवत नाहीत. घरी बसवतात. आधीच्या दोन वेळा मी फोनच्या लाइनवर ढकलून निभावून नेल्या होत्या. आता लाइन नवीन होती.

मी सोमनाथला सांगितलं. त्याच्या हातातला कप तसाच राहिला.

"मॅडम, आईशपथ सांगतो, मी सांगतोय दर वेळेला! निघताना फोन केल्याबिगर मी दाराला हात लावत न्हाई. काशीताईला इचारा पाहिजे तर!"

काशीताई म्हणजे पोलंडच्या डेस्कवरची कासिया. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, बोलणं होतं ते सॉफ्टवेअरमार्फत.

"ह्या वयात घरी बसलो तर काय सांगू घरी?" तो म्हणाला. "धाकटीला सांगून ठेवलंय, तुझा बाप कॉम्प्युटरला वारा घालतो म्हनून."

मला गलबलून आलं, खरंच. हसूही आलं, पण ते गिळलं. इन्ग्रिडकडून मी शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर सोमनाथचं कार्ड बंद. तो दिवसभर रिसेप्शनच्या सोफ्यावर व्हिजिटरसारखा बसून राहिला. येणारीजाणारी पोरं विचारत होती, काय काका, इंटरव्ह्यूला आलात का?

पोलंडकडून मी तिन्ही वेळची रेकॉर्डिंग मागवली आणि हेडफोन लावून बसले. आवाज स्वच्छ. आत शिरताना, "सोमनाथ. आत आलोय." काम झाल्यावर, "झालं काम. चला, येतो." दर वेळी. एकदाही चुकलेला नाही. जोगळेकरांनाही ऐकवलं. ते कानाला हेडफोन न लावता नुसता धरून ऐकतात, उष्टा असल्यासारखा.

"स्पष्ट सांगतोय की," ते म्हणाले. "यात काय कळलं नाही म्हणे पोलंडला?"

मला जोर चढला. ताबडतोब इन्ग्रिडला फोन लावला. "माणूस दर वेळी निघताना सांगतो. मी स्वतः ऐकलंय. तुमचं सॉफ्टवेअर बहिरं आहे."

"ठीक," ती म्हणाली. "तो नेमकं काय म्हणतो? शब्दाला शब्द सांग."

"म्हणतो, काम झालं. आणि मग..."

मी थांबले. जोगळेकरांकडे बघितलं. त्यांच्याही डोक्यात त्याच क्षणी प्रकाश पडला असावा, कारण त्यांनी कपाळावर हात मारला.

"मग काय?" इन्ग्रिड.

"मग म्हणतो... मी येतो."

"म्हणजे तो येतो."

"नाही, तो जातो. पण म्हणतो येतो."

पलीकडे शांतता. डेन्मार्कची शांतता फार स्वच्छ असते, श्वाससुद्धा ऐकू येत नाही.

"तुमच्याकडे 'जातो'ला शब्द नाही का?" तिने विचारलं.

"आहे. जातो."

"मग तो म्हणत का नाही?"

"कारण जातो म्हटलं म्हणजे गेलाच की तो!"

आता हे तिला कसं समजवायचं? घरातून निघताना जातो म्हणायचं नसतं, येतो म्हणायचं. कारण परत यायचं असतं. लहानपणी एकदा मी "जाते" म्हणाले तर आईने उंबऱ्यातून परत बोलावून, बसवून, पुन्हा निघायला लावलं होतं. शाळेची बस चुकली, पण शब्द सुधारला. आणि ज्या खोलीत श्वास कोंडणारा गॅस भरलेल्या सिलिंडरची रांग उभी आहे, तिथून निघताना कुठला शहाणा माणूस "जातो" म्हणेल? गंमत म्हणजे मी ती रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकली होती आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. मराठी कानाला तो शब्द 'निघालो' असाच ऐकू येतो. सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने जे ऐकलं तेच लिहिलं होतं, "कम ऑन, आय ॲम कमिंग." झाला दुसरा सोमनाथ तयार.

इन्ग्रिडला पटलं. हसली नाही, पण तिच्या भुवया खाली आल्या, ते तिच्यात बरंच असतं.

"मग सोपं आहे," ती म्हणाली. "येतो म्हणजे बाहेर, असं सॉफ्टवेअरला शिकवू. गुरुवारी ड्रिल घ्या. सोमनाथच आत जाईल. आकडा बरोबर आला तर त्याची तिन्ही उल्लंघनं रद्द. नाही आला तर मी काही करू शकत नाही."

मी खूश. सोमनाथ त्याहून खूश. दुपारी त्याने सगळ्या मजल्याला वडापाव आणला. जोगळेकर वडापाव खात म्हणाले, "ड्रिल झाल्यावर आणायचा असतो." मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

ड्रिल म्हणजे सराव. खोटा धूर, खोटा गॅस, खरा भोंगा. सिलिंडरकडे जाणारी वायर मी माझ्यासमोर सोडवून घेतली, त्यामुळे आत कुणालाही धोका नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. दाराबाहेर मी आणि जोगळेकर. जोगळेकरांच्या हातात टॅब, टॅबवर इन्ग्रिड आणि शेजारच्या चौकटीत डेस्कचा स्क्रीन. सोमनाथ तात्पुरतं कार्ड दाखवून आत गेला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"सोमनाथ. आत आलोय."

स्क्रीनवर आकडा एक. दारावरचा दिवा मॅन्युअलवर. त्याने आतला एसी तपासला, फिल्टर झटकला, भिंतीवरचा फोन उचलला.

"झालं काम. चला, येतो."

आकडा शून्य. दिवा ऑटोवर. पोलंडहून टाळ्या ऐकू आल्या. इन्ग्रिडने शाबासकीचा अंगठा उंचावला. मी दाराकडे बघत उभी राहिले, सोमनाथ आता छाती पुढे काढून बाहेर येणार म्हणून.

दार उघडेना.

मी काचेतून डोकावले. सोमनाथ आतच! भिंतीला एक हात टेकवून, फोन कानाला लावून आरामात उभा. आणि टॅबवर त्याचं बोलणं इंग्रजी होऊन ओळीमागून ओळ उमटत होतं. काशीताई, जेवलीस का? आज काय होतं डब्यात? बटाटा? नुसताच उकडून? बाई गं!

आणि तेवढ्यात, ठरल्याप्रमाणे, पोलंडने खोटा धूर दाखवला. भोंगा सुरू झाला. खोली रिकामी, दिवा ऑटोवर, म्हणजे खरा प्रसंग असता तर आता गॅस सुटला असता. वायर सोडवलेली आहे हे मला माहीत होतं, तरी हात दाराच्या हँडलवर आपटला. सोमनाथ फोन टाकून धावत बाहेर आला, पांढराफटक.

भोंगा बंद झाल्यावर जोगळेकरांनी घसा साफ केला.

"प्रगती आहे," ते म्हणाले. "आधी दोन होते. आता एकही नाही."

इन्ग्रिडचा चेहरा टॅबवर दगडासारखा. "त्याने बाहेर पडल्याचं सांगितलं आणि तो आतच राहिला. हे आधीच्या तिन्हींपेक्षा गंभीर आहे, वैशाली. आता माझे हात बांधलेले आहेत."

ती म्हणत होती ते खरंच होतं. मी सोमनाथला मराठीत सांगितलं की मॅडम असं असं म्हणतायत. तो अजून धापा टाकत होता. आणि मग त्याचं टाळकंच सरकलं.

"असं कसं मॅडम? मी 'येतो' म्हनलो. 'आलो' कुठं म्हनलो?"

जोगळेकर आधी हसले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं. मग मीही सुटले.

"काय झालं?" इन्ग्रिड. "शब्दाला शब्द सांग."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. आणि सोबत हेही सांगितलं की आमच्याकडे येतो म्हणजे निघालो नव्हे. येतो म्हणजे आता मी निघायच्या विचारात आहे, तुमची परवानगी असावी. येतो म्हटल्यावर माणूस उठतो. मग उभ्याने बोलतो. मग दारात बोलतो. चप्पल घालता घालता मुख्य विषय निघतो. माझे सासरे कोथरूडमध्ये सोसायटीतल्या शेजाऱ्याकडून "येतो" म्हणून निघतात, तेव्हा मी कुकर लावते. तिसरी शिट्टी झाली तरी ते अजून तिकडच्या जिन्यातच असतात.

इन्ग्रिड ऐकत होती. तिने वाक्य स्वतःशी एकदा पुटपुटून पाहिलं. मी येतो म्हणालो, आलो कुठे म्हणालो. आणि मग ती हसली. अशी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सोमनाथला वाटलं, बाई रडतायत. तो घाबरून म्हणाला, "सॉरी मॅडम."

"तो खोटं बोललेला नाही," ती शेवटी म्हणाली. "एकदाही नाही. त्याने दर वेळी सूचना दिली आणि आपण तिला हजेरी समजलो. चूक आपली. पण आता मला सांग, तो बाहेर आला हे पोलंडने ओळखायचं कसं? कोणता शब्द शिकवू?"

इथे मात्र आमच्या दारात मराठी भाषेची सभाच भरली. निघालो? त्यातही तीच लबाडी, निघालो म्हणणारा अजून मोजे शोधत असतो. पोचलो? कुठे? सुटलो? "कंपनीची बदनामी," जोगळेकर. गेलो? सगळे एकदम ओरडले, नको! चेन्नईच्या ऑफिसातला आमचा सेफ्टीवाला तोवर कॉलवर आला होता. तो म्हणाला, आमच्याकडचे तर निघताना तमिळमध्ये 'जाऊन येतो' म्हणतात, तुमचं सॉफ्टवेअर त्यांना एका दमात बाहेर काढून पुन्हा आत घेतं. दोन आठवडे त्याला वाटत होतं, मशीनच बिघडलंय.

हे सगळं चालू असताना मी काचेतून आतल्या फोनकडे बघत होते. भिंतीवर, दारापासून दोन हात आत. मनात म्हटलं, अगं वैशाली, फोन आत आहे. आत उभं राहून बाहेर आल्याचं सांगायचं, मग ते मराठीत सांगा नाहीतर डॅनिशमध्ये, ते खोटंच ठरणार. माणूस अजून आतच आहे ना!

"इन्ग्रिड," मी म्हटलं, "फोन आत का लावलाय?"

"ड्रॉइंगमध्ये तसा आहे. सगळ्या देशांत तसाच आहे."

"तो बाहेर लावू या. दार लोटून, बाहेर उभं राहूनच बोलता येईल असा. मग कुणी काहीही म्हणू दे. येतो म्हणू दे, जेवलीस का म्हणू दे. बाहेरच्या फोनवरून बोलतोय म्हणजे तो बाहेर आहे."

ती म्हणाली की ड्रॉइंग बदलायचं तर कमिटी लागते, सगळ्या देशांची मंजुरी लागते, पुढच्या तिमाहीत विषय घेता येईल. ती बोलत असतानाच जोगळेकर टॅब माझ्या हातात देऊन निघून गेले. परतले ते इलेक्ट्रिशियनला आणि ड्रिल मशीनला घेऊन.

"पुण्यापुरती मंजुरी मी देतो," ते म्हणाले. "कमिटीला म्हणावं, सावकाश या."

आतला फोन आम्ही काढला नाही. आत अडकलेल्या माणसाला मदत मागायला तो लागतोच. फक्त हजेरी तिथून बंद केली. बाहेर नवा फोन लागला, आणि त्याच्यावर बोलायला दोनच शब्द ठरले, आत शिरण्याआधी "आत" आणि दार बंद केल्यावर "बाहेर". भिंतीला भोक पाडताना थोडा रंग उडाला, त्याबद्दल जोगळेकर अजून इलेक्ट्रिशियनला ऐकवतात.

शुक्रवारी सोमनाथची तिन्ही उल्लंघनं रद्द झाली. कार्ड चालू झाल्याचा मेल आला तेव्हा तो सोफ्यावर होता. उठला, कार्ड मशीनला लावलं, हिरवा दिवा लागला, आणि तो तिथेच वळून मला म्हणाला, "मॅडम, धाकटीला आता सांगतो, तुझ्या बापाने पोलंडला मराठी शिकवलं." मग खाली जाऊन कामाला लागला. काम संपल्यावर बाहेर आला, दार ओढून घेतलं, फोन उचलला, "बाहेर" म्हणाला. आकडा शून्य झाला आणि खोली खरोखर रिकामी होती. मग दाराला पाठ टेकवून तो कासियाशी बटाट्यावर बोलत उभा राहिला. कुणाची हरकत नव्हती.

कमिटी पुढे यथावकाश बसली आणि फोन सगळीकडे बाहेर गेले. मला एक प्रेझेंटेशन द्यावं लागलं. त्यात मी फार काही सांगितलं नाही. माणसांनी कसं बोलावं याचं ट्रेनिंग मी इतकी वर्षं देते आहे, आणि त्याने आजवर एकाही माणसाचं बोलणं बदललेलं नाही. फोन बदलायला चार स्क्रू लागले.